शिशावरचा ओरखडा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



निफाड म्हटले की लोकांना द्राक्षे आठवतात, कडाक्याची थंडी आठवते, वाचणाऱ्याला न्यायमूर्ती रानड्यांचे जन्मगाव आठवते. मला शिसे आठवते.

१९८० च्या सुमाराची गोष्ट. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आमच्या शेजारी एक आबा राहत. पिकाच्या राखणीसाठी त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. लोखंडी पळीत शिसे वितळवून ते साच्यात गोळ्या ओतत आणि आम्ही पोरे लांब बसून बघत असू. जवळच लग्नपत्रिका छापणारा छापखाना होता. त्याच्या मागे झिजलेले खिळे पडलेले असत. एकदा मी मूठभर खिळे आबांना नेऊन दिले. आबांनी एका खिळ्यावर नख ओढले. काही उमटले नाही. मग आपल्या शिशावर ओढले, तर चकचकीत रेघ उठली.

“हे नको, पोरा. भलतं कडक आहे. छापखान्यालाच राहू दे.”

मी हिरमुसलो. कडक ते चांगले, एवढीच माझी समजूत. ती चुकीची का, हे कळायला मला बीए होऊनही बरीच वर्षे लागली.

रायफलच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात. गोळी त्या खाचांत घट्ट बसली तरच ती फिरत जाते आणि सरळ जाते. आता मागून दारूचा जोर सौम्य असेल आणि गोळी फार कडक असेल, तर तिचे बूड फुगत नाही. फट राहते, तापलेला वायू त्या फटीतून पुढे घुसतो आणि शिशाची कड खरवडून नळीला चिकटवतो. उलट दारू जोरकस आणि शिसे मऊ, तर गोळी खाचांना न जुमानता घसरत जाते. नळीत शिसे तेव्हाही चिकटतेच. म्हणजे गोळीचा कडकपणा एकटा मोजून उपयोग नाही. मागून धक्का केवढा येणार, ते आधी पाहावे लागते.

हे कारागिरीचे बारीक गणित वाटेल. पण याच गणितातून १८५७ सालची ती काडतुसे आली.

एन्फिल्ड रायफलची गोळी शुद्ध, मऊ शिशाची होती. नळीत तोंडाकडून सहज उतरावी म्हणून ती किंचित बारीक ठेवलेली. बुडाला पोकळी, त्या पोकळीत लाकडी खुंटी. बार उडाला की बूड फुगून खाचांत बसे. युक्ती नामी होती. पण काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपाने उरतो. ती राख नळीत साचली की पुढची गोळी उतरेना. म्हणून वंगण आले. वंगण म्हणून चरबी आली, आणि ते काडतूस दातांनी फाडायचे होते. गायीची की डुकराची, ही कुजबुज छावण्यांतून फिरली. शिपायांनी हवे ते वंगण स्वतः लावावे, अशी मुभा सरकारने जानेवारी १८५७ मध्येच दिली होती. विश्वास मात्र उडालेला होता. एप्रिलमध्ये मीरतच्या ८५ स्वारांनी काडतुसे नाकारली. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते. बंडाची कारणे पुष्कळ होती, त्याबद्दल वाद नाही. पण गोळी मऊ का आणि वंगण कशासाठी, हे त्या स्वारांना त्यांच्या भाषेत कोणी बसवून सांगितले असेल, असे मला वाटत नाही.

पुढे १८७१ च्या मार्टिनी-हेन्रीसाठी बारा भाग शिशात एक भाग कथील घालून गोळी थोडी कडक केली. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू काढली. तिचा जोर एवढा की नुसत्या शिशाचा निभाव लागेना. मग लष्करी गोळीला धातूचे कवच चढले.

आता त्या खिळ्यांकडे येतो. खिळ्यांच्या शिशात कथील आणि अँटिमनी असते. अँटिमनीने धातू कडक होतो आणि थिजताना फारसा आकसत नाही, म्हणून मात्रेचे टोक आणि अनुस्वाराचा टिंब ठसठशीत उठतो. आमच्या घरी ईदला डोळ्यांत घालायचा सुरमा, तो मुळात या अँटिमनीचाच खनिज. बाजारात त्याच नावाखाली पुष्कळदा शिशाचे खनिज मिळते, ते डोळ्यांना घातक. आईला हे ठाऊक नव्हते.

१८६९ साली मुंबईत जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना सुरू झाला. त्याच १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. शिसे दोन्हीकडे लागत होते.

ऑफसेट आला, खिळे भंगारात गेले. अमेरिकेत हौसेने गोळ्या ओतणाऱ्यांनी छापखान्यांचे हे शिसे विकत घेतले. त्यात मऊ शिसे मिसळून ते हवा तेवढा कडकपणा साधत.

माझी पहिली कविता खिळ्यांनीच छापली गेली. जुळाऱ्याने तिच्यातला ‘क’ मला दिला, तो अजून टेबलावर आहे. हे भाषण लिहिण्याआधी मी त्यावर नख ओढून पाहिले. रेघ उठली नाही.