घरात साप निघाला तर
(पोहरादेवी येथे वर्षावास प्रवचनमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



वर्षावास पावसाळ्यातच का असतो, हे आपण जाणता. पावसात फिरताना कोवळी पिके आणि बारीक जीवजंतू पायाखाली येतात, म्हणून भिक्खूंनी एका ठिकाणी राहावे, असा नियम भगवान बुद्धांनी घालून दिला. ह्याच दिवसांत बिळांत पाणी शिरते आणि साप कोरडी जागा शोधत आपल्या घरात येतो. म्हणून आजचा विषय मुद्दाम हा घेतला.

साप निघाला की काय होते? एक ओरडतो, दहा जण काठ्या घेऊन धावतात. मग तो धामण आहे की नाग, हे कोणी पाहत नाही. आपण रोज पंचशील म्हणतो. त्यातले पहिलेच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे. पण एखादी माउली म्हणेल, "शील खरं हाय भाऊ, पण घरात लेकरू झोपलंय, त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. तो टाळून चालणार नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात ह्याचा उलगडा केला आहे. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. जिथे नुसती इच्छाच असते, ती हत्या बुद्धांनी निषिद्ध मानली. आता स्वतःला विचारा, घरात साप निघाला तेव्हा मारण्याची गरज खरोखर असते काय? माझे म्हणणे असे की, जवळजवळ कधीच नसते. उलट काठी घेऊन जवळ गेलेल्या माणसालाच दंश होण्याचा धोका जास्त.

धोका मात्र लहान समजू नका. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यापाड्यांतली, शेतात राबणारी. ह्यातले बहुतेक मृत्यू नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चार सापांमुळे होतात. घोणसीला आपल्याकडे काही जण परड म्हणतात. धामण, दिवड, कवड्या, तस्कर हे बिनविषारी. धामण तर उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखते. पण कवड्या आणि मण्यार ह्यांत भलेभले फसतात, म्हणून ओळख पटवायला जवळ जाऊ नका.

मग करायचे काय? पहिले, लेकरे आणि जनावरे दूर न्या. दुसरे, डिवचू नका, पाणी किंवा रॉकेल टाकू नका. तिसरे, आतल्या खोलीचे दार लावून फटीत कापड कोंबा आणि बाहेरचे दार उघडे ठेवा. वाट दिसली तर पुष्कळदा साप आपणहून निघून जातो. चौथे, एका मोठ्या माणसाने लांबून नजर ठेवावी, म्हणजे तो कुठे दडला हे कळते. पाचवे, सर्पमित्राला किंवा वनविभागाला बोलवा. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, घोणस, धामण ह्यांना संरक्षण दिले आहे. त्यांना मारणे गुन्हा आहे.

सर्पमित्र आला की त्याच्याभोवती गर्दी करू नका, गळ्यात साप घालून फोटो मागू नका. त्याच्या पेट्रोलचे पैसे द्या. पकडलेला साप फार लांब सोडू नये, जवळच्याच योग्य अधिवासात सोडावा. अनोळखी मुलखात त्याला भक्ष्य आणि आसरा सापडत नाही, तो भटकत राहतो.

पण साप पकडून नेला म्हणजे काम संपले असे नाही. तो का आला? घराला लागून पराट्या-तुराट्यांचा ढीग, सोयाबीनचे कुटार, गोवऱ्यांची उडवी. तिथे उंदीर, आणि उंदरामागे साप. एक साप नेला तरी दुसरा येईल. ढीग घरापासून दूर हलवा, न्हाणीच्या पाइपाला जाळी लावा, भिंतीची बिळे बुजवा, धान्य झाकून ठेवा. रामनवमीच्या यात्रेनंतर उरलेले अन्न गावात कुठेही पडू देऊ नका. फिनाईल आणि लसणाच्या भरवशावर राहू नका.

मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दात इतके बारीक की खूण दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात. म्हणून खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. रात्री बाहेर जाताना टॉर्च घ्या.

आणि दंश झालाच तर? घट्ट दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडाने विष ओढू नका. अंगठी-बांगड्या काढा, हातपाय हलू देऊ नका, धीर द्या आणि १०८ ला फोन करा. साप मारून दवाखान्यात न्यायची गरज नाही. त्या चारही सापांच्या विषावर लस एकच आहे. मानोऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात लस आहे का, हे आजच विचारून ठेवा. मांत्रिकाकडे गेलेला एक तास परत मिळत नाही.

एका भिक्खूचा सर्पदंशाने मृत्यू झाला, तेव्हा भगवंतांनी सापांचा नायनाट करा असे सांगितले नाही. सर्पकुळांविषयी मैत्री ठेवा असे सांगितले. पण मैत्री म्हणजे विष उतरवणारा मंत्र नव्हे. विषाला औषध, आणि सापाला वाट, ही आपली मैत्री.

समितीला एकच विनंती. विहाराच्या फलकावर सर्पमित्राचा, वनविभागाचा आणि दवाखान्याचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा. पुढच्या वेळी कोणी "साप! साप!" म्हणून ओरडले, की काठी शोधण्याआधी पोरे तो क्रमांक वाचतील. पहिले शील आपल्या वस्तीत असे पाळले जावे, एवढे बोलून थांबतो.

नमो बुद्धाय! जयभीम!