दादाभाईंनी जपलेली पत्रे आणि भिसे यांचे यंत्र



मोठ्या माणसाने लिहिलेली पत्रे आपण छापतो. त्याला आलेली पत्रे बहुधा रद्दीत जातात. दादाभाई नौरोजींनी मात्र आलेला कागद टाकला नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्यांचे सुमारे ३०,००० कागद आहेत आणि त्यांत शंकर आबाजी भिसे यांचाही पत्रव्यवहार आहे.

भिसे १८६७ साली मुंबईत जन्मले. वाण्याच्या दुकानात साखर, पीठ आपोआप मोजून देणारे यंत्र त्यांनी कल्पिले व लंडनच्या एका नियतकालिकाचे बक्षीस मिळविले. मग दिनशा वाच्छा यांचे शिफारसपत्र घेऊन ते लंडनला दादाभाईंकडे गेले. त्यांचा सर्वांत मोठा उद्योग छपाईचे खिळे ओतण्याच्या यंत्राचा. एकेक खिळा ओतण्याऐवजी एकदम अनेक ओतायचे, अशी ती युक्ती होती.

खिळा म्हणजे काय, हे ज्याने केससमोर उभे राहून दिवस काढले त्याला विचारा. इंग्रजीला शे-दीडशे घरे पुरतात. आपल्या काना-मात्रा, जोडाक्षरांना कित्येक शे लागतात. ओतलेला खिळा घासावा लागे, आणि ते काम पोरांचे. निर्णयसागरचे जावजी दादाजी लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात हेच काम करीत. सगळी पोरे जावजी झाली नाहीत. शिशाची भुकटी मात्र सगळ्यांच्या वाट्याला आली.

मग असे यंत्र आले तर त्या पोराचे काय? तुम्ही कामगारवाले यंत्राच्या आड येता, असे मला पुष्कळदा ऐकवतात. मी आड येत नाही. शिशातून पोर सुटले पाहिजे. पण उद्या त्याच्या घरी चूल कशी पेटणार, हे यंत्र बसविण्याच्या आधी ठरले पाहिजे. नंतर ठरवू म्हणणारा मालक ते कधीच ठरवीत नाही.

या हकिकतीत एक गंमत आहे. यंत्राला भांडवल जमवून देतो म्हणून पुढे आले ते हिंडमन, इंग्लंडातले नामांकित समाजवादी! दादाभाईंचे ते जुने स्नेही. भांडवलशाहीवर त्यांनी आयुष्यभर तोफा डागल्या, पण भिसे यांच्यासाठी भांडवल काही उभे झाले नाही. स्वतः दादाभाईंनी मात्र पदरचे पैसे घातले होते. पुढे बोटीवर गोखल्यांची गाठ पडली, त्यांच्यामुळे रतन टाटांची मदत मिळाली, तीही थांबली. भिसे अमेरिकेत गेले. तेथे यंत्र उभे केले आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये वारले.

एवढे आपल्याला कळते, कारण एका म्हाताऱ्याने कागद जपले. यंत्राचे सुटे भाग कानशीने घासणाऱ्या कारागिरांची पत्रे कोणी जपली?

रत्नागिरीच्या छापखान्यांत खिळे जुळविलेली काही मंडळी आज येथे बसली असतील. त्यांनी सभा संपल्यावर जरा थांबावे. घरी जुन्या पगारपावत्या, मालकाला केलेले अर्ज, आलेली उत्तरे असतील तर मला पाहायची आहेत. नक्कल करून घेईन आणि मूळ कागद परत करीन.