‘ताई, तिकडे सेफ आहे का?’

(वासंतिक व्याख्यानमालेत डोंबिवली येथे दिलेलं व्याख्यान)



प्रवासातल्या भीतीबद्दल दुसऱ्या कुठल्याही गावात बोलणं मला सोपं गेलं असतं. २२ एप्रिल २०२५ला पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात २६ माणसं मारली गेली. त्यांत सहा महाराष्ट्रातली होती आणि त्या सहांपैकी तीन या डोंबिवली शहरातली. दुसऱ्या दिवशी त्यांना निरोप द्यायला भागशाळा मैदानात जे जमले होते, त्यांतले कितीतरी जण आत्ता समोर बसले असतील. ‘घाबरू नका, बिनधास्त फिरा’ असं सांगायला मी आलेली नाही. तसं सांगायचा अधिकार कुणालाच नाही.

मी सहली नेते. ज्येष्ठांच्या, बायकांच्या, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळं घर निघतं त्यांच्या. त्या एप्रिलपासून फोन आला की पहिला प्रश्न दराचा नसतो, जेवणाचा नसतो. ‘ताई, तिकडे सेफ आहे का?’ हा असतो. आणि ‘तिकडे’ म्हणजे आता फक्त काश्मीर नव्हे. अयोध्येबद्दल विचारतात, इजिप्तबद्दल विचारतात. या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर काय द्यायचं, एवढ्याबद्दलच मला आज बोलायचं आहे.

भीती नवी नाही. विष्णुभट गोडसे १८५७ साली पेणजवळच्या वरसईहून उत्तरेकडे निघाले ते घरावरचं कर्ज फिटावं, चार पैसे गाठीला यावेत म्हणून. महूच्या आसपास शिपायांनीच त्यांना पुढच्या गडबडीची कल्पना दिली होती. तरी ते पुढे गेले आणि इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा झाशीतच अडकले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचं पुस्तक वाचताना मला त्यांच्यापेक्षा वरसईला मागे राहिलेल्यांची जास्त काळजी वाटते. आपला माणूस जिवंत आहे की नाही, हे त्या घराला कितीतरी महिने कळायला मार्ग नव्हता. आपलं नेमकं उलट झालं आहे. बैसरनमध्ये गोळ्या चालल्या आणि संध्याकाळच्या आत ती दृश्यं आपल्या स्वयंपाकघरात आली, मग आठवडाभर तीच पुन्हा पुन्हा. शंभरदा पाहिलेली गोष्ट शंभरदा घडल्यासारखी मनात बसते.

डॅनियल कानेमन हे नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ. माणसाचं मन धोक्याचा हिशेब कसा चुकवतं, यावर त्यांनी हयात घालवली. इस्रायलमध्ये बसगाड्यांत आत्मघाती स्फोट होत होते, तेव्हाचा स्वतःचा अनुभव त्यांनी लिहून ठेवला आहे. मोटार चालवताना सिग्नलला बसच्या शेजारी थांबायची वेळ आली की त्यांना नको वाटे आणि हिरवा दिवा लागताच ते नेहमीपेक्षा जोरात गाडी काढत. धोका नगण्य आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरीही. मग आपल्याला भीती वाटली तर त्यात कमीपणा कसला?

आकडेवारी देऊन भीती घालवता येते असं मानणारे लोक असतात. आकडे खरे आहेत, सांगते. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांत महाराष्ट्रातली १५ हजारांवर. मुंबईच्या लोकलमार्गांवर वर्षाला दोन हजारांपेक्षा जास्त जीव जातात, कुणी रूळ ओलांडताना, कुणी दारातून पडून. ९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर लोकलच्या दारातून पडून माणसं गेली, ते इथून रोज सकाळची गाडी पकडणाऱ्यांना मी सांगायला नको. तरी उद्या सकाळी आपण त्याच दारात उभे राहणार आणि भीती मात्र श्रीनगरची वाटणार.

याला मी मूर्खपणा म्हणणार नाही. अपघातात आपल्याशी कुणाचं वैर नसतं. बैसरनमध्ये धर्म विचारून गोळ्या घातल्या, असं वाचलेल्यांनी सांगितलं. बायको-मुलांसमोर, नाव विचारून. कुणीतरी ठरवून आपल्याला मारायला आलं होतं, ही जाणीव आकड्यात मावत नाही, मावूही नये. दहशतवादी मारतो थोड्यांना, पण घाबरवायचं असतं त्याला सगळ्यांना.

पण घाबरल्यावर आपण पुढे काय करतो, तिथे मात्र हिशेब हवा. ११ सप्टेंबर २००१नंतर अमेरिकेत कितीतरी लोकांनी विमान सोडलं आणि लांबचा प्रवास मोटारीने केला. गेर्ड गिगरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अंदाज बांधला की त्यामुळे पुढच्या वर्षभरात रस्त्यांवर सुमारे दीड हजार जादा बळी गेले. त्यांची नावं कुठल्याही स्मारकावर नाहीत. आपल्याकडे हे मी डोळ्यांनी पाहते. काश्मीरचं बुकिंग रद्द होतं आणि तेच कुटुंब शुक्रवारी रात्री दहाला सतरा सीटर करून कोकणात निघतं. ड्रायव्हर एकच, दिवसभर दुसऱ्या भाड्यावर राबलेला. पहाटे तीनला घाटात त्याची मान डुलते आणि मागे सगळे गाढ झोपलेले असतात. माझ्या सहलीत मी ड्रायव्हरला आधी विचारते, ‘दादा, काल किती तास झोपलात?’ पाच तासांच्या आत उत्तर आलं तर गाडी निघत नाही. यावरून माझ्यावर माणसं चिडली आहेत. चिडू देत.

आता जी गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते, ती सांगते. ११ जुलै २००६ची संध्याकाळ. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये पहिल्या वर्गाच्या डब्यांत ११ मिनिटांत ७ स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. १८०हून जास्त माणसं गेली, शेकडो जखमी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या भरून धावल्या आणि सगळीकडून ‘मुंबई स्पिरिट’ची आरती सुरू झाली. कसलं स्पिरिट? ज्यांची रजा मंजूर होणार नव्हती, ज्यांचा पगार कापला जाणार होता, ते गाडीत चढले. पोट होतं म्हणून चढले. त्यांच्या नाइलाजाला शौर्य म्हटलं की ज्यांनी उत्तर द्यायचं, त्यांची सुटका होते. २०१५ साली विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं. जुलै २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९ वर्षांनी, ज्यांचा माणूस गेला त्या घराला ‘कुणी मारलं?’ याचं उत्तर नाही. स्टेशनच्या तोंडाशी मेटल डिटेक्टरच्या चौकटी उभ्या राहिल्या. गर्दी त्यांतून जाते, चौकट पिकपिक करत राहते आणि कुणी मान वर करून बघत नाही.

बैसरनलाही हेच. पहलगामपासून चार-पाच किलोमीटर, मोटारीचा रस्ता नाही, पायी जा नाहीतर घोड्यावर. शेकडो पर्यटक वर होते आणि सुरक्षा दलाचं माणूस तिथे नव्हतं. ही सुरक्षेतली चूक होती, असं उपराज्यपाल मनोज सिन्हा यांनी पुढे जुलैमध्ये मान्य केलं. म्हणजे भीती वाटणाऱ्याचं काही चुकत नव्हतं. ‘सेफ आहे का?’ हा प्रश्न पर्यटकाने विचारलाच पाहिजे. फक्त तो मला एकटीला विचारून भागणार नाही.

आणि या भीतीची किंमत कोण मोजतं? हल्ल्यानंतर जम्मू-काश्मीर सरकारने ८७पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली आणि नंतर त्यांतली बरीचशी टप्प्याटप्प्याने उघडली. पाऊस-थंडीच्या मधल्या दिवसांत मी एक छोटा ग्रुप घेऊन पहलगामला गेले होते. घोड्यांच्या अड्ड्यावर सरकारी दरपत्रकाचा फलक तसाच होता, त्याखाली ओळीने घोडे उभे, अंगावर पोत्यांच्या झुली. एका म्हाताऱ्या घोडेवाल्याने सांगितलं, तीनपैकी एक जनावर विकलं, चारा परवडेना. बोलताना त्याचा हात उरलेल्या घोडीच्या आयाळीत होता, बोटांनी तो गाठी सोडवत होता. त्याच्याच भागातला एक तरुण घोडेवाला त्या दिवशी पर्यटकांना वाचवायला गेला आणि गोळ्या खाऊन मेला, हे आपण वाचलं आहे. जखमींना पाठीवर घेऊन खाली उतरवणारेही तेच लोक होते.

१० जुलै २०१७ची गोष्टही आठवा. अमरनाथहून परतणाऱ्या यात्रेकरूंच्या बसवर अनंतनागजवळ गोळीबार झाला. आठ जण गेले, त्यांत आपल्या पालघरकडच्या बायकाही होत्या. गोळ्या येत असताना ड्रायव्हरने बस थांबवली नाही, म्हणून उरलेले पन्नासावर प्रवासी वाचले. त्या ड्रायव्हरचं नाव सलीम शेख.

हे मी एका कारणासाठी सांगते आहे. प्रवासाला न जाणं ही भीतीने केलेली सर्वांत मोठी हानी नव्हे. शेजारच्या सीटवरच्या माणसाची दाढी बघून आपण पिशवी जवळ ओढतो, टॅक्सीवाल्याचं नाव ऐकून गाडी बदलून मागतो, ती हानी जास्त खोल आहे. धर्म विचारून मारणाऱ्यांना नेमकं हेच हवं होतं. ते आपण फुकटात त्यांच्या हातात द्यायचं का?

तर फोनवर मी काय उत्तर देते? ‘सेफ आहे’ असं मी कधीच म्हणत नाही, कारण ती हमी माझ्या हातात नाही. मी सांगते, आज कुठली ठिकाणं उघडी आहेत, कुठली बंद आहेत, आम्ही कुठे थांबणार आणि गडबड झाली तर कुठल्या रस्त्याने परत येणार. स्थानिक पोलिस ठाण्याचा नंबर प्रत्येकाच्या खिशात कागदावर असतो, कारण डोंगरात मोबाइलला रेंज नसते. एवढं ऐकूनही मन धजत नसेल तर मी म्हणते, या वर्षी नका येऊ. त्यात लाज नाही. ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांना तर ‘आता बाहेर पडा’ असं कुणीही म्हणू नये. त्यांना हवा तेवढा वेळ घेऊ द्या.

बाकीच्यांना माझी विनंती आहे. सहलीची चौकशी करताना दराआधी ड्रायव्हर किती आणि परतीची सोय काय, हे विचारा. तुमच्या खासदाराला पत्र लिहून विचारा की स्टेशनवरच्या त्या चौकटीपाशी माणूस का नाही. आणि जेवताना टीव्हीवर काश्मीर दिसलं, तर मुलांसमोर ‘तिकडची माणसंच तशी’ हे वाक्य उच्चारू नका.