बोअरच्या पाण्यातला कर्ब आणि घरातली मत्स्यपेटी



ज्या वायूच्या नावानं सारं जग बोंब मारतंय, तो कार्बन डायऑक्साइड विकत आणून फिश टँकमधल्या वनस्पतींसाठी पाण्यात सोडायचा, हे ऐकून हिंगोलीतले सोयाबीन-हळदवाले हसले असतील. पण शेतीचं गणित तुम्हीच जाणता. वाळलेल्या झाडाच्या वजनात चाळीस-पंचेचाळीस टक्के कर्ब असतो आणि तो गोणीतल्या खतातून येत नाही, हवेतून येतो. शेतात वारा तो फुकट पोचवतो. पाण्यात मात्र कार्बन डायऑक्साइड हवेच्या मानानं सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. नुसत्या हवेच्या जोरावर २५ अंशाला लिटरभर पाण्यात त्याचं प्रमाण जेमतेम ०.६ मिलिग्रॅम भरतं. हौशी लोक ते २० ते ३० वर नेतात. टाकीत वनस्पती वाढवायची ही हौस जगभर रुजवली ती जपानमधल्या निगाताचे छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी.

आता शाळेतला प्रयोग आठवा. चंचुपात्रात हायड्रिला, वर उलटं नरसाळं, त्यावर परीक्षानळी. बुडबुडे वाढावेत म्हणून सर चिमूटभर खायचा सोडा टाकायला सांगत. सोड्यातून पाण्यात बायकार्बोनेट येतं आणि हायड्रिला त्यातूनही कर्ब काढून घेते. व्हॅलिसनेरियाची लांब पट्टीसारखी पानंही तेच करतात.

हा चिमूटभर सोडा आपल्या जमिनीनं आधीच टाकून ठेवलाय! पावसाचं पाणी काळ्या मातीतून झिरपताना मुळांनी आणि जीवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड उचलतं, किंचित आम्ल होतं आणि खालच्या सहासाडेसहा कोटी वर्षांच्या बसाल्टला कुरतडतं. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट बोअरमध्ये उतरतं. गिझरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर त्याचाच. टाकीतल्या पानांवर तशी खरखरीत पांढरी पूड दिसली, तर ती वनस्पतीनं बायकार्बोनेटमधला कर्ब घेतल्याची खूण असू शकते. रोग समजून औषध ओतू नका.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. जड पाण्याच्या गावात आधी वनस्पती निवडावी, दिवा बेताचा ठेवावा आणि गॅसचा विचार शेवटी करावा. पाण्यातलं मॉस साधारणपणे बायकार्बोनेट वापरू शकत नाही. त्याचाच हट्ट असेल तर गोष्ट वेगळी. दिवा मात्र प्रखर लावायचा आणि कर्ब द्यायचा नाही, हा सर्वांत वाईट व्यवहार. त्यात शेवाळाचं फावतं.

गॅस द्यायचाच, तर मोजून द्या. टाकीत एक छोटी काचेची कुपी टांगतात. तिच्यात डिस्टिल्ड पाण्यात बनवलेलं, चार अंश कार्बोनेट कठीणपणाचं द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब असतात. रंग निळा म्हणजे गॅस कमी, हिरवा म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम, पिवळा म्हणजे मासे संकटात. या कुपीत टाकीचंच पाणी भरलं तर आपल्या जड पाण्यामुळे रंग फसवतो. शिवाय रंग बदलायला तासभर, कधी त्याहून जास्त लागतो, तेव्हा घाई नको.

स्वस्तातला उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: बाटलीत साखर, कोमट पाणी, यीस्ट आणि झाकणातून नळी. काचेची बाटली मुळीच घेऊ नका. नळी तुंबली तर फुटते. पण या बाटलीवरचा माझा खरा आक्षेप आपल्या उन्हाळ्यामुळे आहे. पाणी २५ वरून ३५ अंशांवर गेलं की त्यात मावणारा ऑक्सिजन लिटरमागे आठ मिलिग्रॅमवरून सातवर येतो. त्याच उष्णतेत माशांचा श्वास वाढतो आणि यीस्टही जोरात आंबतं. बाहेर कार्बन डायऑक्साइड दाटला की माशाच्या रक्तातला तो कल्ल्यांतून नीट निघत नाही आणि रक्ताची ऑक्सिजन धरण्याची ताकदही घटते. रात्री तर वनस्पती ऑक्सिजन देत नाहीत, नुसता घेतात.

बाटलीऐवजी गॅसचा सिलिंडर वापरत असाल आणि त्याला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असेल, तर तो दिव्याच्या टायमरलाच जोडा. दिवा मालवला की गॅस थांबतो, लाइट गेली तरी थांबतो. यीस्टच्या बाटलीला असं बटण नाही. मे महिन्यात रात्री लाइट गेली, तर हवेचा पंप बंद पडतो आणि बाटली मात्र चालूच राहते. मासे पृष्ठभागावर तोंड वासून दिसले, तर आधी नळी पाण्याबाहेर काढा, मग मग्यानं पाणी वरून ओतत राहा.