‘मास्तर’ आणि त्याचे सोबती

परभाषेंतून आलेला शब्द पाहुण्यासारखा असतो. कांहीं दिवस तो ओसरीवर बसतो. पुढें घरांतील शब्दांशीं नातीं जुळलीं कीं माजघरांत वावरूं लागतो. इंग्रजींतील ‘मास्टर’ हा असाच एक पाहुणा होय. सातारा व सांगली या भागांत तो ‘मास्तर’ होऊन कसा नांदला, हें पाहण्यासारखें आहे.

हा शब्द मूळचा लॅटिन. त्या भाषेंत ‘मॅजिस्टर’ म्हणजे वरिष्ठ किंवा गुरु. त्याचें पोर्तुगीज रूप ‘मेस्त्रे’ मराठींत आधीं आलें व त्याचा ‘मेस्त्री’ झाला. इंग्रजी रूप मागाहून आलें व त्याचा ‘मास्तर’ झाला. भिंत रचणारा मेस्त्री आणि अक्षर गिरवून घेणारा मास्तर हे असे एका आईचे लेक आहेत.

मास्तर एकटा क्वचितच फिरतो. त्याच्या सोबतीला कोण आहे, त्यावर त्याचा अर्थ ठरतो. ‘स्टेशनमास्तर’, ‘पोस्टमास्तर’ हे जोड इंग्रजींतून तयार आले. त्यांत मास्तर म्हणजे एखाद्या ठिकाणचा मुख्य अधिकारी. शिकविण्याशीं त्याचा संबंध नाहीं. खेड्यांत मात्र पुष्कळदां शाळेचा मास्तरच टपालाचें काम पाही. तेथें एकाच माणसाच्या ठायीं दोन्ही अर्थ एकत्र येत, आणि पत्र वाचून दाखवितांना त्यांतला कोणता मास्तर बोलतो आहे, याची चौकशी कोणी करीत नसे.

मराठीनें स्वतः जुळविलेले जोड निराळे आहेत. ‘पेटीमास्तर’ पेटी वाजवितो, ‘तालीममास्तर’ नटांकडून नाटक बसवून घेतो. येथें अधिकार कचेरीचा नसून विद्येचा आहे. ज्या सांगलींत विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें, त्या गांवाला अशा मास्तरांची ओळख करून द्यावयास नको.

हाच शब्द नांवाच्या आधीं आला कीं पुन्हां पालटतो. इंग्रजांत लहान मुलाच्या नांवाआधीं ‘मास्टर’ लावण्याची चाल आहे. आपल्या नाटक मंडळ्यांनीं ती बालनटांसाठीं उचलली. मुलगा मोठा झाला तरी उपपद त्याला सोडीना. १९१८ सालीं ‘बळवंत संगीत मंडळी’ काढणारे आणि पुढें सांगलीस बिऱ्हाड करून राहिलेले दीनानाथ मंगेशकर अखेरपर्यंत ‘मास्टर दीनानाथ’च राहिले. तेथें ‘दीनानाथ मास्तर’ म्हणून पाहावें. रंगमंच दिसेनासा होतो आणि फळा-खडू डोळ्यांपुढें येतात.

कारण नांवाच्या मागून येणारा मास्तर हा शाळेचा. साताऱ्यास खासगी शिकवण्या करणारे एक तरुण शिक्षक ‘पाटील मास्तर’ म्हणून ओळखले जात. तेच पुढें कर्मवीर भाऊराव पाटील झाले. १९१९ सालीं कऱ्हाडजवळील काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ सालीं ती साताऱ्यास आली. खेड्यापाड्यांतून शाळा काढावयाच्या तर त्यांना मास्तर हवेत, हें ओळखून १९३५ सालीं साताऱ्यास शिक्षक तयार करणारें विद्यालयही निघालें. लोकांनीं नांवाआधीं ‘कर्मवीर’ लावलें तें मोठ्या मानानें. पण त्या मानाची सुरुवात नांवामागच्या ‘मास्तर’पासून झाली होती.

असें असतां या शब्दाची किंमत घसरली कशी? ‘मास्तर आले’ आणि ‘मास्तर आला’ हीं दोन वाक्यें शेजारीं ठेवावीं. शब्द तोच, पण पहिल्यांत गांव उठून उभा राहतो, दुसऱ्यांत बसल्या जागेवरून हलत नाहीं. ‘मास्तरकी’ या शब्दांत तर बेताच्या पगाराची कींव आणि थोडी हेटाळणी दोन्ही मिसळलीं. मग ‘हेडमास्तर’ जाऊन ‘मुख्याध्यापक’ आले, ‘मास्तर’ जाऊन ‘गुरुजी’ व ‘सर’ आले. आज सातारा-सांगलीच्या शाळांतून ‘पाटील सर’ असेंच ऐकूं येतें. तेंही इंग्रजीच, आणि आडनांवामागें रिकामी झालेली मास्तराची जागाच त्यानें घेतली आहे.

नवें नांव दिल्यानें मान वाढतो, अशी समजूत असते. पण ‘सर आला’ असें म्हणणारेंही मूल आज भेटतें. पाहुणा शब्द अर्थ घेऊन आला; आदर मात्र घरच्या क्रियापदाला द्यावयाचा असतो. ज्या घरांत मुलांच्या कानांवर ‘आले’ पडतें, तेथें मास्तर काय, सर काय, कोणताही शब्द थोरच ठरतो.