विद्यार्थ्यांचे वक्तृत्व आणि शिक्षक-पालकांची पूर्वतयारी

(शेळगाव, ता. इंदापूर, येथे शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



वक्तृत्वस्पर्धा व वादविवाद यांसाठी मुलांस कसे तयार करावे, या विषयावर आपण मला बोलावयास सांगितले आहे. मी अनेक वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले, पुष्कळ मुलांस व्यासपीठावर उभे केले आणि काही पारितोषिकेही शाळेत आणली. त्यांपैकी एका पारितोषिकाने मला जो धडा दिला, तो प्रथम आपणांपुढे ठेवतो.

माझ्या सहावीच्या वर्गात ख्रिस्ती कुटुंबातील एक मुलगा होता. आवाज खणखणीत, पाठांतर उत्तम. स्पर्धेसाठी पाण्याचे महत्त्व हा विषय आला होता. मी दोन रात्री जागून भाषण लिहिले, त्यात एक संस्कृत सुभाषित घातले आणि ते मुलाकडून शब्दशः पाठ करून घेतले. हात कोठे उचलावयाचा, आवाज कोठे चढवावयाचा, हेही मीच ठरविले. मुलाने भाषण बिनचूक म्हटले, टाळ्याही पडल्या. नंतर परीक्षकांपैकी एका वृद्ध गृहस्थांनी सहज विचारले, "बाळ, तुमच्या घरी कोणी दुष्काळ पाहिला आहे का रे?" मुलगा माझ्याकडे पाहू लागला. त्याचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. या प्रश्नाचे उत्तर मी लिहून दिलेले नव्हते.

त्यास दुसरे पारितोषिक मिळाले. परतताना एस. टी.त तो खिडकीशी गप्प बसला होता. मी म्हटले, "अरे, त्यांनी विचारले त्याचे उत्तर तुला खरेच ठाऊक नव्हते काय?" तेव्हा तो बोलू लागला. १९७२ च्या दुष्काळात त्याचे आजोबा आणि आजी दुष्काळी कामावर खडी फोडीत होते. कामावर मिळणारी सुकडी आजी स्वतः न खाता पदरात बांधून घरी मुलांसाठी आणी. आजोबांच्या बोटावर हातोडीचा घाव बसला होता आणि ते बोट पुढे कधीच सरळ झाले नाही. गाव येईपर्यंत तो बोलत होता आणि पुढच्या बाकावरील दोन बाया मागे वळून ऐकत होत्या. पाण्यावरील खरे भाषण ते होते. ते मुलाजवळ पहिल्यापासून होते आणि मी त्यावर माझ्या लिखाणाचे झाकण घालून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो आणि झाले ते सांगितले. त्याची आई चौथीपर्यंत शिकलेली. ती म्हणाली, "गुरुजी, उपासनेत वचन वाचताना तो कधी अडखळत नाही. आणि घरी तर मला बोलूच देत नाही." मग तिने घरची रीत सांगितली. शब्बाथशाळेत ऐकलेला दाखला मुलाने रात्री जेवणानंतर स्वतःच्या शब्दांत सांगावयाचा, आणि आईने त्यावर प्रश्न विचारावयाचा. हरवलेल्या मेंढराचा दाखला आपणांपैकी पुष्कळांनी ऐकला असेल. शंभर मेंढरांतील एक हरवते आणि मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्या एकाच्या शोधास जातो. त्या माउलीने मुलास विचारले होते, "अरे, पण मग त्या नव्याण्णवांची राखण कोणी केली?" मुलगा म्हणाला होता, कुत्रे असेल, मग म्हणाला, दुसरे मेंढके असतील, शेवटी म्हणाला, "आई, आज एकाला सोडले तर उद्या प्रत्येक मेंढराला वाटेल की आपल्यालाही सोडतील. एकाला शोधले म्हणून नव्याण्णव निर्धास्त राहिली."

गुरुजनहो, आपल्या या भागात मेंढरांचे कळप रोज डोळ्यांसमोरून जातात. तेव्हा या उत्तराचे मोल मी आपणांस सांगावयास नको. अकरा वर्षांच्या मुलाने पक्ष घेतला, आक्षेप ऐकला, दोन कच्ची उत्तरे टाकून दिली आणि तिसरे पक्के उत्तर शोधले. वादविवादाचे सारे शिक्षण यात आले. ज्या घरी हे रोज घडत होते, त्या घराची चौकशीही न करता मी त्या मुलाचा मार्गदर्शक झालो होतो.

मला सांगावयाचे आहे ते एवढेच. मुलांस वक्तृत्व शिकविण्यापूर्वी आपण वडीलधाऱ्यांनी ऐकावयास आणि विचारावयास शिकले पाहिजे.

या गोष्टीस आपल्या जिल्ह्यातच थोर उदाहरण आहे. शेजारच्या दौंड तालुक्यात केडगाव येथे पंडिता रमाबाईंचे मुक्ति मिशन आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी जनरीत मोडून आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ते मुलीस दिले. घरकामातून दिवसा सवड मिळत नसे, म्हणून पहाट होण्यापूर्वी मुलीस उठवून ही माता पाठ देई. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. १८७८ मध्ये रमाबाई भावासह कलकत्त्यास पोहोचल्या, तेव्हा तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे पुण्यास त्यांनी मराठीत साक्ष दिली आणि स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य तयार करण्याची आवश्यकता प्रतिपादन केली. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या वाणीस हे तेज कोणत्या व्यासपीठावर आले? आईच्या मांडीवर, पहाटेच्या अंधारात.

त्यांच्या चरित्रात आणखी एक प्रसंग सांगतात. १८८९ मध्ये मुंबईस सामाजिक परिषदेत त्या बोलावयास उभ्या राहिल्या असता सभेतून गलका झाला. आपला आवाज लहान आहे याचे नवल मानू नका, कारण स्त्रीला आवाज मोठा करण्याची संधी आपण कधी दिलीच नाही, अशा आशयाचे त्या बोलल्या. आपल्या वर्गातील जी मुलगी मान खाली घालून पुटपुटते, तिच्याविषयी तक्रार करण्यापूर्वी हे बोल आठवावेत. एवढी संस्कृतज्ञ स्त्री, परंतु पुढे हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलाचे भाषांतर केले ते साध्या बायकांस समजेल अशा मराठीत. बोलणारा विद्वान असला तरी ऐकणाऱ्याची पायरी त्याने ओळखावी, हा वक्तृत्वाचा पहिला नियम त्यांनी असा पाळला.

आता वादविवादाकडे वळू. पुष्कळ पालकांस वाटते की वाद शिकविला म्हणजे मूल उद्धट होईल. ही भीती अगदीच निराधार नाही. आपल्या न्यायशास्त्राने तीन प्रकार वेगळे केले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याचे नुसते खंडन करणे ही वितंडा. पारावर आणि निवडणुकीत मुले जल्प आणि वितंडा पुरेशा ऐकतात. वाद मात्र त्यांस शाळेनेच शिकविला पाहिजे.

आपल्या भाषेत तशी परंपराही आहे. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात लोकांसमक्ष धर्मविषयक वादविवाद झाला. जॉर्ज बोवेन या मिशनऱ्याने त्याचा वृत्तान्त इंग्रजीत छापला आणि मराठीतही 'समुद्रकिनारीचा वादविवाद' या नावाने पुस्तक निघाले. मतभेद टोकाचे होते. तरीही एकाने बोलावे, दुसऱ्याने ऐकून उत्तर द्यावे, आणि दोघांचे म्हणणे लेखी उरावे, एवढी शिस्त त्यातून आपणांस घेता येईल. आपली शाळा सर्व धर्मांच्या मुलांची आहे. तेथे धर्माचा वाद घालावयाचा नाही. परंतु घरून मुलाने आणलेली बोलण्याची सवय, मग ती उपासनेतील वाचनाची असो, कीर्तनाची असो वा आणखी कशाची, तिचा आदर आपण केला पाहिजे. आषाढात तुकोबांची पालखी या तालुक्यातून जाते, तेव्हा कीर्तनकार पूर्वपक्ष मांडून त्याचे उत्तर कसे देतात, हे मुले ऐकतातच.

पालकांची तयारी कशी करावी, याचा एक नमुना दूरदेशीचा आहे. अमेरिकेत घरीच शिक्षण घेणाऱ्या ख्रिस्ती मुलांसाठी १९९० च्या दशकात वक्तृत्व व वादविवादाच्या स्पर्धा सुरू झाल्या. तेथे आईबापच मुलांचे मार्गदर्शक होतात आणि परीक्षकांच्या खुर्च्यांवरही पुष्कळदा इतर मुलांचे आईबाप व सामान्य नागरिक बसतात. म्हणून स्पर्धेपूर्वी परीक्षकांस एकत्र बसवून नियम आणि गुणपत्रक समजावून देतात. त्यांची परिस्थिती निराळी. परंतु परीक्षकासही शिकवावे लागते, हा विचार आपण अवश्य घ्यावा.

आता प्रत्यक्ष कृतीच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट भाषण लिहिण्याची. शिक्षकाने भाषण लिहून देऊ नये. विषय मिळाला की मुलाने घरी तीन माणसांस त्याविषयी विचारून यावे. आणलेली माहिती त्याने वर्गात तोंडी सांगावी, मग शिक्षकाने तिच्यातील चार मुद्दे एका चिठ्ठीवर त्याच्याच हाताने लिहून घ्यावेत. मूल बोलताना शब्द बदलले तरी चालतील; मुद्दा चुकता कामा नये. व्याकरणाची चूक भाषण संपल्यावर एकान्तात सांगावी, मध्येच टोकू नये.

दुसरी गोष्ट आवाजाची. मुलास ओरडावयास सांगू नये. शेवटच्या बाकावर एका सोबत्यास बसवावे आणि त्याच्याशी बोलावयास सांगावे. वाक्य सुरू करण्यापूर्वी एक पूर्ण श्वास घेण्याची सवय लावावी. घाबरलेल्या मुलास प्रथम दोघांपुढे, मग पाच जणांपुढे, मग वर्गापुढे उभे करावे. जे मूल तोतरे बोलते, त्याचे वाक्य आपण पुरे करू नये, थांबावे. आपले थांबणे हाच त्याचा आधार होय.

तिसरी गोष्ट वादविवादाची. विषय गावातील घ्यावा, उदाहरणार्थ, "आपल्या गावाने उसाऐवजी डाळिंबाची लागवड वाढवावी." दोन्ही बाजूंची तयारी प्रत्येक मुलाकडून करून घ्यावी आणि बाजू आयत्या वेळी चिठ्ठी टाकून ठरवावी. एक नियम कसोशीने पाळावा. दुसऱ्याचे खंडन करण्यापूर्वी त्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगावयाचा आणि "तुझे म्हणणे हेच ना?" असे त्यास विचारावयाचे. त्याने होय म्हटले, तरच पुढे बोलावयाचे. या एका नियमाने उद्धटपणाची भीती उरत नाही, कारण उत्तर देण्यासाठी मुलास ऐकावेच लागते.

चौथी गोष्ट पालकांची. वर्षातून दोनदा पालकांस शाळेत बोलावून त्यांच्यासमोर एक भाषण करवावे आणि त्यांस गुण देण्यास सांगावे: मुद्द्यांस किती, स्पष्टतेस किती, प्रश्नोत्तरांस किती. मग प्रत्येकाने दिलेले गुण फळ्यावर लिहून चर्चा करावी. आपल्या मुलास कोणत्याही पालकाने गुण देऊ नयेत. घरी मात्र त्यांनी रोज दहा मिनिटे द्यावीत. गुरांच्या धारा काढताना, भाकरी थापताना मुलास विचारावे, "आज काय ऐकलेस?" आणि उत्तर आल्यावर, "ते तसेच कशावरून?" यास शिक्षण लागत नाही, पैसा लागत नाही. मी सांगितलेली माता चौथीच शिकलेली होती. ज्या मुलाचे आईबाप ऊसतोडीसाठी परगावाहून आलेले असतात, त्यास ही दहा मिनिटे घरी मिळणे कठीण. ती शाळेने द्यावीत.

त्या मुलाने पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धेत भाग घेतला. या वेळी मी एक अक्षरही लिहून दिले नाही. तो आजोबांच्या वाकड्या बोटाविषयी बोलला. मध्ये दोनदा अडखळला, एक मुद्दा विसरला आणि क्रमांक आला नाही. परंतु परीक्षकांनी तीन प्रश्न विचारले आणि तिन्ही वेळा त्याने माझ्याकडे न पाहता उत्तर दिले. त्या दिवशी मी शिक्षक म्हणून जितका समाधानी होतो, तितका पारितोषिकाच्या दिवशी नव्हतो.

आपल्या प्रत्येक वर्गात मागच्या बाकावर न बोलणारे एक तरी मूल असते. चांगले बोलणारी मुले स्पर्धेस पाठवून शाळेचे नाव होते, हे खरे. तरीही उद्या वर्गात गेल्यावर प्रथम त्या एकाजवळ जाऊन बसावे, त्यास एक प्रश्न विचारावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावे, अशी माझी आपणां सर्वांस नम्र विनंती आहे. उरलेली मुले तेवढा वेळ थांबतील. आणि आपलीही पाळी येईल, हे त्यांस कळेल.