चित्राचे भाष्य आणि चित्राची जपणूक
(शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीत चित्राविषयी, तेही पडद्यावर हलणाऱ्या अमूर्त चित्राविषयी बोलणे काहींना विषयांतर वाटेल. वस्तुतः हा प्रश्न ग्रंथालयाच्याच जिव्हाळ्याचा आहे. अभिजात कृती जशीच्या तशी जपावी, की नव्या माध्यमात तिचा नवा अर्थ लावावा? संगणकाच्या साहाय्याने जुनी चित्रे आज हलू लागली आहेत आणि त्यामुळे हा प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे.

मराठी मनाला तो अपरिचित नाही. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, सातशे श्लोकांची गीता सुमारे नऊ हजार ओव्यांत उलगडली. त्यामुळे गीता उणावली नाही; उलट ती लोकांच्या ओठी आली. पुढे शके १५०६ मध्ये एकनाथांनी त्याच ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध करून मूळ संहिता सावरली. एकाने भाष्य केले, दुसऱ्याने जपणूक केली. डिचोली तालुक्यातील नार्वे येथील सप्तकोटेश्वराची कथाही अशीच. सोळाव्या शतकात दिवाडी बेटावरील मूळ देवालय उद्ध्वस्त झाले, देव नदीपलीकडे आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. स्थान बदलले, वास्तू बदलली. श्रद्धेचे सातत्य मात्र तुटले नाही.

चित्राला चालते करण्याची हौसही आपल्याकडे जुनी आहे. पेडण्याची सीमा ओलांडून सावंतवाडीमार्गे कुडाळकडे गेले की पिंगुळी गाव लागते. तेथील ठाकर समाजाच्या चित्रकथीत रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक प्रेक्षकांसमोर धरली जातात आणि वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीने कथा सांगितली जाते. अशा चित्रसंचाला ‘पोथी’च म्हणतात. चित्र स्थिर असते, गती येते ती क्रमातून आणि शब्दातून. पेडण्याच्या प्रेक्षकाने दशावतारात रात्र रात्र जागून जे अनुभवले, त्याचेच हे चित्ररूप भावंड होय.

आधुनिक काळात या विचाराला अमूर्ताचे वळण दिले ते अकबर पदमसी यांनी. १९६९ साली त्यांना जवाहरलाल नेहरू शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या आधारे त्यांनी मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभारले. चित्रकारांनी आणि चित्रपट तंत्रज्ञांनी एकत्र यावे, ही त्यामागील कल्पना. तेथे त्यांनी आपल्याच एका तैलचित्रावरून ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ हा सुमारे सहा मिनिटांचा लघुपट केला. रंगाऐवजी रंगीत प्रकाश आणि कुंचल्याऐवजी कापलेले साचे वापरून त्यांनी तैलचित्रातील निसर्ग पडद्यावर पुन्हा घडवला. ‘क्लाउड चेंबर’ म्हणजे अदृश्य कणांच्या मार्गाची धूसर रेघ दाखवणारे पदार्थविज्ञानातील उपकरण. चित्रात जी घटना संपून स्थिर झालेली असते, ती घडत असताना दाखवावी, हा या शीर्षकाचा अभिप्राय असावा. ‘सिझिजी’ या त्यांच्या दुसऱ्या, मूक लघुपटात तर निव्वळ रेषा आणि भूमिती आहे. राम मोहन यांनी त्या रेखाटनांना गती दिली. संगणक तेव्हा चित्रकाराच्या हाती नव्हता. विचार मात्र त्याच दिशेचा होता.

या प्रयोगाला एक दुःखद बाजूही आहे. ‘क्लाउड चेंबर’ची एकच प्रत होती आणि ती हरवली. पुढे अशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना सोबत घेऊन त्या हरवलेल्या कृतीचा शोध घेतला आणि २०१६ मध्ये त्याच नावाचा चित्रपट केला. पदमसी २०२० साली निवर्तले. जुन्या कृतीची नवी आवृत्ती निघाली तरी मूळ प्रतीची जागा ती भरून काढू शकत नाही, हाच येथे धडा आहे.

त्याच वर्कशॉपमध्ये तरुणपणी काम केलेल्या नलिनी मलानी यांनी हा धागा संगणकयुगात आणला. २०२२ मध्ये बाथ येथे आणि २०२३ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्यांचे ‘माय रिॲलिटी इज डिफरंट’ प्रदर्शित झाले. त्यासाठी त्यांनी आयपॅडवर रेखाटलेली २५ चलच्चित्रे केली. कॅराव्हॅज्जिओसारख्या चित्रकारांच्या कृतींवर त्यांच्या रेषा उमटतात, झाकतात, पुसल्या जातात. राजदरबार आणि चर्च यांच्या आश्रयाने वाढलेल्या या चित्रांकडे वसाहतीच्या बाजूने आणि स्त्रीच्या डोळ्यांनी पाहण्याचा तो प्रयत्न आहे. जुन्या चित्रातील पाणी वाहते दाखवणे किंवा पापणी लववणे ही केवळ करमणूक होय. मूळ चित्राने जे सांगितले नाही, ते त्याच्याच रंगरेषांतून बोलते करणे, याला भाष्य म्हणावे.

मात्र भाष्याला मूळ ग्रंथ हवा. पेडणे तालुक्यात मोरजीच्या मोरजाई मंदिरात कावीची चित्रे आहेत. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबडी काव द्यायची आणि ती खरवडून खालच्या पांढऱ्या चुन्यातून आकृती काढायची, अशी ही रीत. रंग लावून नव्हे, तर रंग काढून उमटणारे हे चित्र आहे. गोव्यात जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुने गिलावे खरवडले गेले, भिंतींवर फरशा आणि तैलरंग चढले आणि अशी कितीतरी चित्रे नाहीशी झाली. उद्या एखादा तरुण कावीच्या रेषा संगणकावर उलगडू पाहील, तर त्याने कोणत्या भिंतीसमोर उभे राहायचे?

म्हणून नव्या माध्यमाला भिण्याचे कारण नाही. भ्यायचे ते एकमेव प्रतीला. शंभर वर्षे पोथ्या, नियतकालिके आणि ग्रंथ सांभाळणाऱ्या संस्थेने आता गावोगावच्या कावीची छायाचित्रे, मोजमापे आणि कारागिरांकडून ऐकलेली माहिती आपल्या दप्तरी घ्यावी आणि त्यांच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी ठेवाव्यात. पेडणे आणि डिचोली येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हे काम सोपवता येईल. त्यासाठी खर्चापेक्षा चिकाटी अधिक लागेल. भाष्यकार त्या त्या काळाला मिळतच असतात. त्यांच्यासाठी मूळ संहिता शाबूत ठेवणे, हे दुसऱ्या शतकात पाऊल टाकणाऱ्या ग्रंथालयाचे कर्तव्य आहे.